अति शहाण्या मुलीचा बैल

मराठी माणसाला हुशार मुलांचे भारी कौतुक, असा एक समज आहे. तो एकदा तपासून पाहावा, असे मला फार दिवसांपासून वाटते आहे. तपासायला लांब कुठे जायला नको, आपली भाषाच पुरेशी आहे. ‘शहाणी’ हा आपला केवढा गोड शब्द! पाहुण्यांसमोर गप्प बसली की मुलगी शहाणी, पानातले मुकाट्याने संपवले की शहाणी, धाकट्या भावाला खेळणे देऊन टाकले की फारच शहाणी. हीच मुलगी ‘असे का?’ म्हणून विचारू लागली, की त्याच शब्दाला शेपटे फुटतात. ती अतिशहाणी होते, दीडशहाणी होते. म्हणजे शहाणपण एकपर्यंत चालते, दीडावर गेले की त्याची शिवी होते. आणि एवढ्यानेही भागले नाही तर म्हण तयारच आहे : अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

बैलाचा आणि मुलांचा संबंध आम्हा नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. पोळ्याचा दुसरा दिवस हा तान्ह्या पोळ्याचा. त्या दिवशी पोरेसोरे सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात, बोजारा गोळा करतात. त्याच दिवशी आधी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. महागाई, लाचखोरी, पुढाऱ्यांची सोंगे, वर्षभरात ज्याने ज्याने माणसाला छळले, त्याचा पुतळा करून शहर त्याची मनसोक्त टिंगल करते आणि शेवटी त्याला जाळून टाकते. मला या दिवसाची ही विभागणी मोठी अर्थपूर्ण वाटते. टीका मोठ्यांनी करायची, मुलांनी खाऊ घ्यायचा. पण एखाद्या मुलीने बोजाऱ्याला हात लावण्याआधी ‘काका, त्या बडग्यावर जे लिहिले होते, ते तुम्हीही करता ना?’ असे विचारले तर? आजच्या लेखाचा विषय ती मुलगी आहे.

अशी एक मुलगी सगळ्या जगाला ठाऊक आहे. ती हाडामांसाची नाही, रेघांची आहे, आणि रंगाने चक्क पिवळी आहे. तिचे नाव लिसा सिम्पसन. मॅट ग्रेनिंग या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १९८७ साली एका विनोदी कार्यक्रमातल्या छोट्या छोट्या तुकड्यांसाठी एक कुटुंब चितारले. पात्रांना नावे दिली ती आपल्याच घरातली. वडील होमर, आई मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी, ही सगळी त्याच्या स्वतःच्या माणसांची नावे. डिसेंबर १९८९ मध्ये ‘द सिम्पसन्स’ ही स्वतंत्र मालिका झाली आणि साडेसातशेहून अधिक भाग होऊनही ती संपलेली नाही. आपल्याकडे केबल आल्यावर इंग्रजी वाहिन्या घरात शिरल्या, त्यांच्याबरोबर हे पिवळे कुटुंबही आले. बाप अणुऊर्जा केंद्रात कामाला, आळशी आणि खादाड, पण मनाचा वाईट नाही. आई सोशिक. थोरला बार्ट उनाड. आणि मधली ही लिसा, वय वर्षे आठ. सॅक्सोफोन वाजवते, पुस्तके वाचते, पहिला नंबर सोडत नाही. आणि एवढ्यावर थांबत नाही, हीच तिची खोड. शाळेच्या पुस्तकात जे चांगले म्हणून लिहिले आहे, ते खरोखरच करायचे असते, अशी तिची प्रामाणिक समजूत आहे.

कार्टून म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. १९९१ सालच्या एका भागात लिसा देशभक्तीवरच्या निबंध स्पर्धेत निवडली जाते आणि अंतिम फेरीसाठी राजधानीत पोचते. तिथे तिच्याच भागाचा लोकप्रतिनिधी तिच्याच गावचे जंगल तोडू देण्यासाठी लाच घेताना तिला दिसतो. आता आपल्या घरातली मुलगी काय करील? किंवा खरे विचारायचे तर, आपण तिला काय करायला सांगू? ‘बाळा, तू आपला निबंध वाच आणि बक्षीस घेऊन ये.’ लिसा निबंध फाडते. रात्रीतून नवा लिहिते आणि जे पाहिले ते भर सभेत वाचून दाखवते. बक्षीस तिला मिळत नाही. तो लोकप्रतिनिधी मात्र पकडला जातो.

शाळांच्या निबंध आणि वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून मी गेली पंचवीस-तीस वर्षे जातो आहे. धरमपेठेतल्या शाळा पाहिल्या, महाल-इतवारीतल्या पाहिल्या, कामठी-काटोलच्याही पाहिल्या. विषय ठरलेले : ‘माझ्या स्वप्नातला भारत’, ‘पर्यावरण आणि आपण’, ‘भ्रष्टाचार : एक कीड’. भाषणेही ठरलेली. सुरुवातीला एक सुभाषित, मध्ये एक शेर, मूठ कुठल्या वाक्याला आवळायची तेही ठरलेले. मुलगा बोलत असतो आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्याच्या वडिलांचे ओठ हलत असतात. भाषण कुणी लिहिले, हे परीक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

एकदा, शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, सातवीतली एक मुलगी पर्यावरणावर बोलता बोलता थांबली. पुढचे आठवत नसेल असे सगळ्यांना वाटले. पण तिने खिडकीबाहेर बोट केले आणि म्हणाली, ‘या कार्यक्रमाचा मांडव घालायला कालच आपल्या आवारातल्या कडुलिंबाच्या दोन मोठ्या फांद्या तोडल्या. मग मी आता पुढे काय बोलू?’ आणि ती खाली जाऊन बसली. सभागृहात अशी शांतता पसरली, की पंख्याचा आवाज ऐकू यावा. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले. माझे सहपरीक्षक सज्जन गृहस्थ होते, त्यांनी तिला शेवटचा क्रमांक दिला. ‘भाषण अपूर्ण आहे,’ ते म्हणाले. नियमाप्रमाणे त्यांचे बरोबरच होते. बेरीज झाली आणि ती मुलगी कुठेच उरली नाही. मला मात्र त्या दिवसापासून प्रश्न पडला आहे, की त्या सभागृहात पूर्ण भाषण नेमके कुणाचे झाले होते?

येथे कुणी म्हणेल, की हे पाश्चात्त्य खूळ आहे. आपल्याकडे मुलांना मोठ्यांचा आदर शिकवतात. आपल्याकडचे आदर्श मूल म्हणजे श्याम. गोष्ट खरी आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि मराठी घरांना आदर्श मुलाचा एक साचा मिळाला. पण त्या साच्यातला प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो, ते पाहा. संस्कार आईकडून मुलाकडे येतात. मोठे माणूस ओंजळ भरून देते, लहान माणूस ती पिते. सिम्पसनांच्या घरी नेमके उलटे आहे. तिथे घरातल्या सगळ्यांत मोठ्या नैतिक प्रश्नाला आठ वर्षांची पोर हात घालते आणि बापाला तिच्याकडून शिकावे लागते. पुष्कळदा तो शिकत नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्या बालसाहित्यातही ताम्हनकरांचा गोट्या आहे, त्यांचीच चिंगी आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे. सगळी गुणी, धाडसी, परोपकारी मुले. पण त्यात मुलगे फार आणि मुली थोड्या, आणि घरच्या माणसांनाच उभे-आडवे प्रश्न विचारणारी मुलगी तर त्याहून विरळा.

तरीही असे मूल आपल्या मातीत नव्हतेच, असे कुणी म्हणू लागले तर मी त्याला दोन मुक्तांची आठवण करून देईन.

पहिली मुक्ताबाई. चार भावंडांतले शेंडेफळ. परंपरा सांगते, की लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी दार लावून घेतले, तेव्हा त्यांना बाहेर बोलावले ते या धाकट्या बहिणीने. ताटीचे अभंग ते हेच. विचार करा, थोरला भाऊ, तोही ज्ञानेश्वरांसारखा, आणि संत कसा असावा हे त्याला ही चिमुरडी ऐकवते. चौदाशे वर्षे जगल्याचे ज्यांच्याविषयी सांगतात, त्या चांगदेवांची गुरूही तीच झाली. वयाचा मान ज्ञानाला आड येऊ शकत नाही, हे सांगायला महाराष्ट्राला तेराव्या शतकात कोणतीही वाहिनी लागली नव्हती.

दुसरी मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, असे सांगतात. शाळकरी मुलीचा निबंध म्हणून तो वाचायला घ्यावा, तर पाऊणदोनशे वर्षांनंतरही वाचणाऱ्याची मान खाली जाते. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिने देवालाच विचारला. तिच्या वडिलांचे ओठ तिसऱ्या रांगेत हलत नव्हते. ते शब्द तिचे होते आणि दुःखही तिचे होते.

या प्रश्नाचे उत्तर पुढे एका शतकाने आमच्याच शहरात मिळाले, हे नागपूरकराने विसरू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायासह येथे बुद्धधम्म स्वीकारला. धर्म जन्माने चिकटत नाही, तो विचारपूर्वक निवडता येतो, ही गोष्ट दीक्षाभूमीच्या शहराला समजावून द्यावी लागत नाही. म्हणून लिसाची पुढची गोष्ट अमेरिकेत जितकी नवलाची वाटली असेल, तितकी आम्हाला वाटू नये. डिसेंबर २००१ मध्ये प्रसारित झालेल्या भागात, गावच्या चर्चने दुरुस्तीच्या पैशांसाठी स्वतःला जाहिरातींच्या बाजारात उभे केलेले पाहून लिसा अस्वस्थ होते आणि शोधता शोधता बौद्ध होते. घरचे तिला नाताळच्या भेटींची लालूच दाखवून परत आणू पाहतात. ती सणाला घरी येते, निवड मात्र सोडत नाही. आठव्या वर्षी धर्म कळतो का, असे कुणी विचारील. आठव्या वर्षी ढोंग मात्र नक्की कळते, एवढे मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून शिकलो आहे.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाही तर हा लेख म्हणजे एका अतिशहाण्याने दुसरीची केलेली वकिली ठरेल. लिसा पुष्कळदा असह्य होते. उपदेश करते, लोकांना कमी लेखते. १९९५ सालच्या भागात ती मांसाहार सोडते आणि लगेच बापाने मित्रांसाठी मांडलेल्या मेजवानीतले आख्खे भाजलेले डुक्कर ढकलून देते. तिला ताळ्यावर आणतो तो अपू, दुकान चालवणारा भारतीय. तो स्वतः तिच्याहून कडक शाकाहारी आहे, पण दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही. तत्त्व स्वतःसाठी कठोर आणि दुसऱ्यासाठी मऊ ठेवायचे असते, हा धडा ती त्याच्याकडून घेते. त्या भागात पाहुणे म्हणून आवाज देणाऱ्या पॉल मॅकार्टनीने अट घातली होती, की लिसा पुढच्या भागात पुन्हा मांस खाताना दिसता कामा नये. ती अट आजवर पाळली गेली आहे. आदर्शवादी मुलाला विझवायचे नसते. त्याला सोसायला शिकवायचे असते, आणि ते शिकवणाराही तितकाच खरा असावा लागतो.

याच अपूवरून पुढे वाद झाला. भारतीय माणसाचे हे व्यंगचित्र अपमानकारक आहे, असे अमेरिकेतच वाढलेल्या भारतीय वंशाच्या तरुणांनी म्हटले. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने २०१७ साली त्यावर माहितीपट केला. मालिकेच्या लेखकांनी २०१८ च्या एका भागात त्याला उत्तर दिले. काल ज्याला टाळ्या पडल्या, तेच आज चुकीचे ठरले तर करायचे काय, असा त्या उत्तराचा मथितार्थ. पण हे हात झटकणारे वाक्य त्यांनी कोणाच्या तोंडी घातले? लिसाच्या! अनेकांना खरा राग आला तो याचा. जी मुलगी अशा वेळी सर्वांत आधी उभी राहिली असती, तिच्याच तोंडून मोठ्यांनी आपली सोयीची सबब वदवून घेतली. तिसऱ्या रांगेतले ओठ तिथेही हलत होतेच. २०२० साली हँक अझारिया या कलाकाराने अपूला आवाज देणे सोडले. लहान मुलाच्या तोंडी मोठ्यांनी आपले बोलणे घातले, की लबाडी फार काळ लपत नाही, मग पडदा अमेरिकेतला असो की आमच्या शाळेतला.

हुशार मुलांसाठी आपण काहीच केले नाही, असे नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांना समाजासाठी घडवावे म्हणूनच. खेड्यातल्या गुणी मुलांसाठी निघालेल्या नवोदय विद्यालयांपैकी अगदी पहिल्या दोहोंतले एक आमच्या विदर्भात, अमरावतीला उघडले. १९६३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेने कित्येक पिढ्यांना बळ दिले. ती २०२१ नंतर थांबवली गेली, याचे किती घरांत दुःख झाले, कोण जाणे. एव्हाना घरांचे लक्ष दुसरीकडे लागलेले होते. आमच्या शहराचा कोणताही मोठा चौक पाहा. इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षांच्या क्लासेसच्या फलकांवर पोरांचे फोटो, खाली गुण. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारला जानेवारी २०२४ मध्ये काढाव्या लागल्या, यावरून हा रोग कुठवर गेला होता ते कळते. फलकावरच्या एकाही फोटोखाली ‘या मुलीने वर्गात एक अवघड प्रश्न विचारला’ असे लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही.

पालकांना दोष देणे सोपे आहे, मी देणार नाही. ‘आदर्श काय पोटाला बांधायचे आहेत?’ असे म्हणणारा बाप पुष्कळदा स्वतःच एके काळी प्रश्न विचारून पोळलेला असतो. बदल्या, अडलेल्या बढत्या, कोर्टाच्या पायऱ्या हे सगळे त्याने पाहिलेले असते. आपल्या मुलीला तो मार नको, एवढेच त्याला हवे असते. हे प्रेमच आहे. फक्त त्याचा हिशेब अपुरा आहे. कारण बुद्धी आणि सचोटी यांचे धागे त्याला वाटतात तितके सुटे नसतात. एक ओढला, की दुसराही उसवतो.

याचा दाखला आमच्याच शहराने दिला आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमी येथे कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळातला महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. शहराने तिला डोक्यावर घेतले आणि ते योग्यच झाले. पण मला तिची त्याआधीची एक खेळी तितकीच मोलाची वाटते. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर तिने जाहीरपणे लिहिले, की प्रेक्षक मुलींचा खेळ पाहत नाहीत, त्यांचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब पाहतात. अठरा वर्षांच्या मुलीने, कारकीर्द ऐन भरात असताना, ज्यांच्या टाळ्यांवर खेळाडू मोठा होतो त्या प्रेक्षकांनाच हे सुनावले. ‘गप्प बस, खेळावर लक्ष दे,’ असे सांगणारे शहाणे तिलाही भेटलेच असतील. ती बोलली आणि दीड वर्षाने जिंकलीही. बोलल्याने बैल रिकामा राहिला नाही.

मात्र माझा मुद्दा जिंकण्यावर अडलेला नाही, आणि त्यावर तो अडू नये. प्रत्येक प्रश्न विचारणारी मुलगी विश्वविजेती होणार नाही. १९९४ सालच्या एका भागात लिसा, मुलींना मूर्ख ठरवणारी वाक्ये बोलणाऱ्या एका बाहुलीविरुद्ध उभी राहते. ती स्वतःची नवी, विचारी बाहुली बाजारात आणते आणि पहिल्याच दिवशी आपटी खाते, कारण जुन्या बाहुलीने फक्त टोपी बदललेली असते आणि गर्दी तिकडे धावते. लिसाची बाहुली एकच मुलगी उचलते. तेवढे लिसाला पुरते. आदर्शवादाचा भाव बाजारात असाच असतो, आणि हे मुलांपासून लपवू नये असे मला वाटते.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. स्पर्धेतले भाषण मुलाला स्वतःला लिहू द्यावे, मग ते पाचव्या क्रमांकाचे झाले तरी चालेल. परीक्षकांनी ‘पाठांतर’ या रकान्यातले दहा गुण काढून ‘स्वतःचा विचार’ या रकान्यात टाकावेत. आणि घरात मुलीने अडचणीचा प्रश्न विचारला, तर उत्तर येत नसल्यास ‘मला माहीत नाही, पण तू विचारलेस ते बरोबर आहे’ एवढे म्हणावे. १९९१ च्या एका भागात लिसाचा आवडता बदली शिक्षक गाव सोडून जाताना, आता मी एकटी पडले तर काय, म्हणून रडणाऱ्या तिला एक चिठ्ठी देतो. तीत उपदेश नसतो, सुभाषित नसते. तू लिसा सिम्पसन आहेस, एवढेच त्यात लिहिलेले असते. इतकी छोटी चिठ्ठी लिहायला आपल्याला जड का जावे?

रेघांची लिसा पस्तीस वर्षांहून अधिक काळ आठ वर्षांचीच राहिली आहे. तिला दहावी नाही, प्रवेश परीक्षा नाही, लग्नाचे वय नाही. आपल्या घरातल्या लिसाला एवढा अवधी नसतो. ती दर वर्षी एक वर्षाने मोठी होते आणि दर वर्षी एक प्रश्न कमी विचारते. मग एक दिवस ती अगदी शहाणी होते. पाहुण्यांसमोर गप्प बसते, सगळे तिचे कौतुक करतात. त्या कौतुकाच्या आधीच्या चार-सहा वर्षांत तिचे ऐकून घ्यायला घरात कुणी असेल, तर ते पुरे आहे.